यापूर्वीचे शिक्षण

तपासणीच्या बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा चढवला, तरी त्यांना नकाशा काही दिसेना. टिल्लीचे वडील मोजणीवाले सारखे म्हणत होते, नकाशा बघा, नकाशा बघा. आणि बाई बिचाऱ्या चारही भिंती धुंडाळत होत्या. शेवटी मोजणीवाल्यांनाच दया आली.

"बाई, तुम्ही टपाल कचेरीवर उभ्या आहात."

बाई दचकून बाजूला झाल्या, त्या थेट वाचनालयावर गेल्या. बैठकीच्या खोलीची सगळी फरशी त्या नकाशाने व्यापली होती. घरापासून नदीवरच्या पुलापर्यंतचा प्रत्येक रस्ता, प्रत्येक बोळ, दिव्यांचे खांब, बंद पडलेली गिरणी, इतकंच काय, कोपऱ्यावरचा कुत्रा रोज जिथे झोपतो ती जागासुद्धा. टिल्लीने दीड वर्ष पायी हिंडून, फीत लावून हे सगळं मोजलं होतं आणि मग रंग घेऊन गुडघ्यांवर बसून फरशीवर उतरवलं होतं. घरी पाहुणा आला की त्याची खुर्ची बाजारात पडणार की नदीत, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर असे.

मोजणीवाले सांगत होते की प्रत्येक अंतर दोनदा मोजलं आहे, एकदा जाताना आणि एकदा येताना, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. सांगताना त्यांचा आवाज चढला होता. वर्षातला हा एकच दिवस त्यांच्या हक्काचा. घरी शिकणाऱ्या मुलांकडे शिक्षण खात्याने वर्षातून एकदा माणूस पाठवायचा, असा नियम होता. इतर घरांत या दिवसाची धास्ती असेल. मोजणीवाले आदल्या आठवड्यापासून नवरदेवासारखे तयार असत.

टिल्ली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून टिल्ली, आणि आता चौदाव्या वर्षी आईच्या डोक्यावरून बघायला लागली तरी टिल्लीच. दर वर्षी तपासणीला तिला आवरता आवरता नाकी नऊ येत; येणाऱ्या माणसाला ती स्वतःच शंभर प्रश्न विचारी. आज मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पोर मोठी होतेय, असा मोजणीवाल्यांनी त्याचा अर्थ लावला आणि त्यांना बरंच वाटलं.

"हे सगळं छानच आहे हो," बाई खुर्चीवर, म्हणजे भाजी बाजारात, टेकत म्हणाल्या. "पण मी आज मुलीची प्रगती बघायला नाही आले. फाईल बंद करायला आलेय."

"बंद? का?"

"नववीच्या यादीत नाव लागलंय ना तिचं. प्रवेश परीक्षेत बारावा नंबर आला. एकदा शाळेत गेली की आमच्या खात्याचं काम संपलं. तुमची एक सही हवी होती, बस."

मोजणीवाले मनापासून हसले. त्यांनी बाईंना समजावलं की नावासारखं नाव पाहून गल्लत झाली असणार. आपण अठरा वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत काढली आहेत आणि कागदावर एकाची विहीर दुसऱ्याच्या जमिनीत गेलेली या डोळ्यांनी पाहिली आहे. बाईंनी कागद पुढे केला. मोजणीवाल्यांनी जन्मतारीख वाचली. पत्ता वाचला. आईचं नाव वाचलं आणि त्याखालची सही पाहिली. ती सही ते वीस वर्षं ओळखत होते.

"चूक नाहीये, बाबा," टिल्ली चौकटीपाशीच उभी राहून म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, घरात माहीत असेल," असं त्या पुटपुटल्या. घरात माहीत होतंच. फक्त घर म्हणजे कोण, याबद्दल मोजणीवाल्यांचा काही गैरसमज झाला होता. शनिवारी शाळेत पालकांच्या सह्या आहेत, हाही कागद तिथेच ठेवते, सावकाश करा, असं म्हणून बाई उठल्या. चहा टाकला होता, तोही त्यांनी घेतला नाही. जाताना मात्र त्या नकाशाच्या कडेकडेने गेल्या. कुठल्याही घरावर पाय पडू दिला नाही.

मोजणीवाल्यांचं मूळ काम जमिनी मोजण्याचं. त्या कामावर त्यांचं पोट होतं आणि प्रेमही होतं, आणि तरी नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ते एका दिवसात सोडलं. झालं होतं असं की टिल्ली पाच वर्षांची असताना शाळेत तोंडी परीक्षा झाली आणि वर्गाच्या बाईंनी विचारलं, आपल्या वर्गाला खिडक्या किती? टिल्ली जागेवरून उठली, भिंतीभिंतीने फिरली, एकेका खिडकीला हात लावून आली आणि म्हणाली, सात. बाईंच्या पुस्तकात सहा होत्या. बाईंनी शून्य दिलं. वर जागा सोडून उठली म्हणून ताकीदही दिली. दुसऱ्या दिवशी मोजणीवाले स्वतः शाळेत गेले, खिडक्या मोजल्या. सातच होत्या. सातवी कपाटाच्या मागे होती. त्यांनी मुख्याध्यापकांना कपाटामागे नेऊन दाखवली. मुख्याध्यापक म्हणाले की ती खिडकी धरत नाहीत.

जी आहे ती खिडकी धरत नाहीत, हे वाक्य मोजणीवाल्यांच्या डोक्यातून जाईना. त्या आठवड्यात त्यांनी मुलीला शाळेतून काढलं आणि पुढच्या महिन्यात स्वतःला कचेरीतून. टिल्लीची आई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिच्या पगारात घर चालू शकत होतं आणि नऊ वर्षं चाललं. लोकांनी नावं ठेवली. बायको कमावते आणि हा खडू झिजवतो, असं सख्ख्या भावाने म्हणून दाखवलं. मोजणीवाल्यांनी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

घरातला दिवस सकाळी सातला प्रश्नाने सुरू होई. न्याहारीला बसलं की ज्याने त्याने एक प्रश्न मांडायचा. कपातला चहा वरून आधी गार होतो की कडेने? जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या का असाव्या लागतात? उत्तर कुणी सांगायचं नाही, शोधायचं. मग टिल्ली आणि बाबा मिळून केर काढत, आणि केर काढता काढता धूळ खिडकीपाशी जास्त का, यावरून गाडी भूगोलात शिरे. दुपारी गणित असे, पण ते वहीत नसे, नळदुरुस्तीत असे किंवा पडद्यांच्या कापडात असे. मंगळवारी आणि शुक्रवारी टिल्ली एकटी वाचनालयात जाई, तिथे तिने काय वाचावं हे तिचं तिने ठरवायचं. संध्याकाळी ती स्वतःच्या नोंदवहीत दिवस लिहून काढी.

या नोंदवहीचे दोनच नियम होते आणि दोन्ही मोजणीवाल्यांनी घातलेले. जे घडलं तेच लिहायचं, शोभेचं लिहायचं नाही, हा पहिला. टिल्लीने आपण होऊन वही टेबलावर ठेवली तरच ती दुसऱ्याने वाचायची, हा दुसरा. आणि सगळ्या घराचा एक मोठा नियम होता, की इथे कुणी कुणाला गुण देणार नाही. शंभरपैकी किती, हा प्रश्नच या घरात निघायचा नाही. मुलीला आकड्यात बसवणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

टिल्लीची आई यावर हसायची. "आमच्या घरात मीठ मागितलं तरी आधी मिठाबद्दल मत द्यावं लागतं," असं ती प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींना सांगे, आणि मैत्रिणींनी ते कौतुकाने सांगितलं की मोजणीवालेही हसत. ते कौतुक नव्हतं, हे त्यांना तपासणीच्या त्या मंगळवारी दुपारी कळलं.

ती तीनला कामावरून आली. दारातच टिल्लीचा चेहरा पाहून तिने ओळखलं, पायातली चप्पलसुद्धा न काढता विचारलं, "आज आल्या होय त्या? गुरुवारी येणार म्हणाल्या होत्या."

म्हणजे तारीखसुद्धा ठरलेली होती. मोजणीवाल्यांनी किती दिवसांपासून, एवढंच विचारलं. तिने काही लपवलं नाही. आठ महिने झाले, म्हणाली. टिल्ली वाचनालयात जाऊन शाळेच्या पुस्तकांचा अभ्यास करत होती. तिथल्या ग्रंथपालांनी तिला मागच्या खोलीत टेबल दिलं होतं. परीक्षेच्या दिवशी दोघी डोळे तपासायला म्हणून गेल्या होत्या. निकाल लागला की सांगू असं ठरलं होतं, मग यादी लागली की सांगू असं ठरलं, आणि मग बुधवारी रात्री जेवताना सांगायचं नक्की ठरलं होतं. उद्याच.

मोजणीवाल्यांना तो डोळे तपासण्याचा दिवस आठवला. त्या दिवशी त्यांनी दोघींच्या पाठी दूरचं कसं दिसतं याचं एक साधन पुठ्ठ्यापासून बनवून ठेवलं होतं, आल्यावर टिल्लीला दाखवायचं म्हणून. आणि टिल्लीने येऊन ते पाहिलं होतं, दोन प्रश्नही विचारले होते.

"मला सांगता आलं नसतं? मी काय तिला साखळीने बांधलं असतं? मी कधी कुणाला नाही म्हटलंय या घरात?"

"नाही म्हणत नाही, तीच तर पंचाईत आहे," टिल्लीची आई म्हणाली. ती आता खुर्चीत बसली होती आणि तिचा आवाज थकलेला होता, चिडका नव्हता. "नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते. तुम्ही विचारता, तुला असं का वाटतं? मी सांगते. मग विचारता, ते कशावरून? मी तेही सांगते. संध्याकाळपर्यंत मला माझंच म्हणणं पटेनासं होतं. नऊ वर्षांत मी तुमच्याशी एकही भांडण हरले नाही, आणि एकही गोष्ट माझ्या मनासारखी झाली नाही."

"म्हणून पाठीमागून?"

"हो. पुढून वाट कुठे ठेवली होतीत?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या शिवणाच्या काकू आल्या होत्या, हातात निळ्या कापडाची घडी. "टिल्ले, कमरेत एकदा बघून घे गं, पोरी, शाळा सुरू झाल्यावर मग..." इथवर बोलून त्यांना खुर्चीत बसलेले मोजणीवाले दिसले. काकूंनी घडी झटकन पाठीमागे नेली. साठीची बाई, चोरी पकडल्यासारखी दारात उभी राहिली. मग "मग येते" म्हणून आल्या पावली जिना उतरून गेल्या.

म्हणजे शिवणाच्या काकूंनाही माहीत होतं, ग्रंथपालांनाही माहीत होतं. मुलीच्या अंगाचं माप घेतलं गेलं होतं. सगळ्या वस्तीने ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि हे रोज संध्याकाळी त्याच वस्तीतून मुलीच्या नकाशाचं कौतुक सांगत हिंडत होते. लोक ऐकून घेत होते, मान डोलवत होते. त्या डोलणाऱ्या माना आठवून त्यांची कानशिलं तापली. परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या देतो आणि मोकळा होतो. आपल्याच माणसांनी केसाने गळा कापला, की शिवी द्यायला तोंडच उरत नाही.

ते टिल्लीकडे वळले. बायकोचं एक वेळ समजलं असतं. ती पहिल्यापासून काठावर उभी होती. पण ही? हिच्याशी ते नऊ वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत आले होते. जगात दुसऱ्या कुणाशी ते इतकं बोललेच नव्हते.

"तुला इथे काय कमी पडलं, टिल्ले?"

टिल्लीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवून सांग असं सुचवलं.

"कमी नाही पडलं," टिल्ली म्हणाली. "मला माझ्याएवढ्यांत बसायचंय. आणि मला किती येतं ते मला कळत नाही, बाबा. तुला विचारलं की तू म्हणतोस, छान निरीक्षण आहे. नेहमी छानच. तू सगळ्याला फीत लावायला शिकवलंस, दिव्याच्या खांबालासुद्धा. मलाच कधी लावली नाहीस."

"फीत लावून माणूस कळतो का?"

"हे बघ. सुरू झालं," ती हळूच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

टिल्ली आत गेली आणि तिची नोंदवही घेऊन आली. तिने ती टेबलावर त्यांच्या समोर ठेवली, आणि दोघी मायलेकी स्वयंपाकघरात निघून गेल्या.

वही आठ महिने भिंतीच्या फळीवर, हाताच्या अंतरावर होती. ते रोज त्या फळीवरून खडूची पेटी काढत. वहीला कुलूप नव्हतं, फक्त त्यांचा शब्द होता. त्यांनी वही उघडली. टिल्लीने पहिला नियम तंतोतंत पाळला होता.

मंगळवार. वाचनालय. गणित, धडा चौथा, सहा उदाहरणं बरोबर, दोन चूक. बाबाला सांगितलं नाही.

शुक्रवार. वाचनालय. विज्ञान. ग्रंथपाल काका म्हणाले, अभ्यासाचा वेग वाढव. बाबाला सांगितलं नाही.

पानामागून पान तसंच होतं. बाबाला सांगितलं नाही. हवामान लिहावं तसं तिने ते रोज लिहिलं होतं, कसलीही सबब न जोडता. मध्येच एका पानावर जरा जास्त मजकूर होता.

आज सांगायचंच ठरवलं होतं. न्याहारीला मी प्रश्न मांडला, शाळेत गेलं तर काय होईल. बाबाला खूप आनंद झाला. त्याने विचारलं, शाळा म्हणजे काय असं तुला वाटतं. मग आम्ही दुपारपर्यंत बोललो. भिंती नसलेली शाळा, एकच विद्यार्थी असलेली शाळा, विद्यार्थ्यांनी शिक्षक निवडायची शाळा. बाबा म्हणाला, आजपर्यंतची सगळ्यात चांगली सकाळ. मला त्याला दुखवता आलं नाही. बाबाला सांगितलं नाही.

ती सकाळ मोजणीवाल्यांना चांगली आठवत होती. त्यांनी ती भावाला फोन करून सांगितली होती. ज्या भावाने खडू झिजवण्यावरून टोमणा मारला होता त्यालाच, मुद्दाम. चौदा वर्षांची पोर शाळा या कल्पनेवर कसा विचार करते बघ, म्हणून. त्या सकाळी पोर फक्त विचारत होती की मी जाऊ का. सरळ हो किंवा नाही म्हणण्याजोगा प्रश्न होता, आणि तो त्यांना ऐकू आला नव्हता. त्यांनी वही मिटली. संताप होताच, तो कुठे जाणार होता. पण आता त्याला धड बोट दाखवायला जागा राहिली नव्हती, आणि त्यामुळे तो जास्तच आत उतरला.

पुढचे तीन दिवस घर नेहमीसारखं चाललं, म्हणजे सातला उठणं झालं, केर निघाला, न्याहारी झाली. प्रश्न कुणी मांडला नाही. टिल्लीच्या आईने एकदा मीठ मागितलं आणि तिला ते लगेच मिळालं.

शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या दहाला जायचंय शाळेत. शिक्षण खात्याच्या कागदावर तिचे शिक्षक म्हणून तुम्ही आहात. तुमच्या सहीवाचून होत नाही. नाही आलात तर तिचं वर्ष जाईल." मग थोडं थांबून म्हणाली, "विचारत नाहीये. सांगतेय."

शनिवारी ती कामावर गेली; तिला सुट्टी मिळाली नाही, किंवा तिने मागितली नाही. मोजणीवाले आणि टिल्ली पायी निघाले. वाटेत दोघेही बोलले नाहीत. एरवी एवढ्या वाटेत त्यांचे चार शोध लागायचे आणि दोन भांडणं व्हायची.

शाळेची कचेरी तळमजल्यावर होती. बाहेर बाकांवर पालक आपापली मुलं घेऊन बसले होते. त्यांचा नंबर लागला तेव्हा मेजामागच्या कारकूनबाईंनी फाईल उघडून फॉर्म पुढे सरकवला. भरलेला होता. अक्षर टिल्लीचं होतं. नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांची नावं. सगळं नीट, खाडाखोड नाही. मोजणीवाले सवयीने प्रत्येक ओळ वाचत गेले आणि आठव्या रकान्यावर थांबले.

यापूर्वीचे शिक्षण. त्याखाली चौकटी आखलेल्या होत्या: वर्ष, इयत्ता, एकूण गुण. आणि सगळ्या चौकटींवरून, पहिलीपासून शेवटापर्यंत, एक आडवी रेघ ओढून मुलीने मध्यभागी लिहिलं होतं: नाही.

त्यांनी तो शब्द पुन्हा वाचला.

"हे तू लिहिलंस?"

"हो," टिल्ली म्हणाली. "गुणांशिवाय काही लिहू देत नाहीत, बाबा."

कारकूनबाईंना दिवसभरात अशी पुष्कळ माणसं भेटत असावीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की घरी शिकलेल्या मुलांचंही चालतं, पण वर्षवार गुण लागतात. मुलीच्या आईला विचारलं तर त्या म्हणाल्या की आमच्याकडे गुण देतच नाहीत. गुण नाहीत तर रकाना कोरा ठेवता येत नाही, कोरा फॉर्म संगणक घेत नाही. म्हणून 'नाही' लिहायला सांगितलं. प्रवेश परीक्षा पास झाली आहे, तेव्हा अडचण काही नाही.

मोजणीवाले फॉर्मकडे बघतच राहिले. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. कारकूनबाई पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलंत ना? मग तुम्हीच टाका की अंदाजे. ऐंशी, ब्याऐंशी, चढते टाका. नवा फॉर्म देते. कोण बघायला येतंय?"

त्यांनी खरोखरच नवा फॉर्म काढून दिला. गुणांच्या कोऱ्या नऊ चौकटी होत्या. एका ओळीला एक वर्ष. मोजणीवाल्यांनी पेन हातात घेतलं. पहिल्या वर्षी टिल्ली सावल्या मोजत होती. दुसऱ्या वर्षी तिने नळाच्या थेंबांवरून घड्याळ केलं होतं आणि ते रोज चार मिनिटं मागे पडायचं, ती रडली होती, आणि मग का मागे पडतं ते तिचं तिने शोधलं होतं. त्याचे किती? शंभरपैकी किती लिहायचे? पेन ऐंशीच्या आठावर टेकवायचं आणि पुढे लिहीत जायचं, एवढंच होतं; दोन मिनिटांचं काम. नऊ वर्षं कागदावर आली असती. भावाला दाखवता आली असती.

टिल्ली त्यांच्या हाताकडे बघत होती. लिहावं असं तिला वाटत होतं की लिहू नये असं, ते त्यांना तिच्या चेहऱ्यावरून सांगता येईना. एरवी त्यांनी विचारलं असतं. विचारायला तोंड उघडलंही. मग काही न विचारता त्यांनी नवा फॉर्म बाईंकडे परत सरकवला.

"अंदाजे नको," ते म्हणाले. "न मोजलेला आकडा मी लिहीत नाही."

त्यांनी टिल्लीने भरलेला फॉर्म पुन्हा जवळ ओढला. खाली छापलं होतं, वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे. त्यांना खूप वाईट वाटलं. मुलीवर राग होता, तिच्या आईवर राग होता, आणि त्यांनी कुणालाही मनातून माफ केलेलं नव्हतं. त्यांनी सही केली, नेहमी करत तशी पूर्ण नावाने, स्वच्छ, खाली तारीख घालून. तपासणीच्या बाईंचा फाईल बंद करण्याचा कागद पुढे आला, त्याच्यावरही केली.

कारकूनबाईंनी शिक्का मारला आणि टिल्लीला सांगितलं की वर जाऊन वर्ग बघून ये, दुसऱ्या मजल्यावर उजवीकडे. पालकांना वर सोडत नाहीत. टिल्ली उठली. तिने बाबांच्या खांद्याला हात लावला आणि जिन्याकडे गेली. आधी हळू, आणि वळणापलीकडे गेल्यावर पळत. पायऱ्यांवर तिचे पाय वाजलेले त्यांना खाली ऐकू आले.

"पुढचे या," कारकूनबाईंनी हाक दिली.

एक बाप आपल्या लहानग्या मुलीला घेऊन पुढे आला. मोजणीवाले उठले, खुर्ची त्याच्याकडे वळवून दिली आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले.